तट्टू आळशी की स्नायू आखडलेले?
रपेटीनंतर तट्टू अडते आणि पुण्यातील आपले प्रशिक्षक त्याला आळस म्हणतात, असे आपण लिहिले आहे; परंतु मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू हाताला दगडासारखे लागत असतील, घाम निथळत असेल आणि लघवी काळपट चहासारखी होत असेल, तर तो आळस नव्हे, स्नायू आखडण्याचा आजार आहे. अशा वेळी त्याला मुळीच चालवू नये आणि पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे, कारण स्नायूंतून सुटलेले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांना इजा करते; वेदनाशामक औषध स्वतःहून देऊ नये. सौम्य त्रासात व्यायामानंतर 4 ते 6 तासांनी रक्तातील सीके (क्रिएटिन कायनेज, स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे एन्झाइम) तपासावे. एएसटी हे असेच दुसरे एन्झाइम सावकाश वाढते व अधिक दिवस टिकते, म्हणून दोन्ही पाहिल्यास दुखणे ताजे की जुने, याचा अंदाज येतो. ओट, मका आणि (लाडाने भरवला जाणारा) गूळ कमी करून वाळलेल्या गवतावर भर द्यावा. सुटीच्या दिवशी पूर्ण खुराक देऊन पागेत बांधून ठेवणे मला सर्वांत घातक वाटते.