मागचं चाक दुसऱ्या मॉडेलचं: मापं जुळत असतील तर हरकत काय?

भांडुपचा_स्वार

पावसाळा सरतो तोवर मुंबईत कितीतरी बाइकच्या मागच्या अलॉय चाकाची कड खड्ड्यात आपटून वाकलेली असते. गाडी जुनी असेल, मॉडेल बंद झालेलं असेल, तर शोरूममध्ये चाक मिळत नाही. मिळालंच तरी गाडीची आज जी किंमत येईल तिच्या मानाने ते परवडत नाही. मग माणूस कुर्ल्याला सीएसटी रोडच्या जुन्या पार्टच्या बाजारात जातो आणि दुसऱ्याच मॉडेलचं चाक घेऊन येतो. यावर लगेच 'जुगाड' म्हणून नाकं मुरडली जातात. मला हे पटत नाही.

चाकाला मॉडेलचं नाव कळत नाही, माप कळतं. एक्सलची (चाकाच्या मधल्या दांड्याची) जाडी, हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी आणि स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) दोन पायांमधलं अंतर, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चकतीच्या) सरळ रेषेत मागचा स्प्रॉकेट येतो की नाही, आणि ब्रेक प्लेट कुठे अडकते, एवढं जुळलं पाहिजे. बहुतेक वेळा फरक बुशचा (एक्सलवरच्या नळीसारख्या कडीचा) असतो आणि बुश लेथवर कातून मिळतो. बेअरिंगचंच बघा. ६३०२ नंबरच्या बेअरिंगची मापं (आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी) १५-४२-१३, ६००४ची २०-४२-१२. बाहेरचा व्यास दोन्हीचा ४२ मिलिमीटर. म्हणजे बेअरिंग बदललं की तोच हब १५च्याही एक्सलवर बसतो आणि २०च्याही.

टायरचा बागुलबुवाही फार केला जातो. १००/९०-१७ (रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची) ऐवजी १२०/८०-१७ घातला तर चाकाचा बाहेरचा व्यास ६१२वरून ६२४ मिलिमीटर होतो, म्हणजे फरक दोन टक्के. नवा टायर आणि पुरता झिजलेला टायर यांच्यातही जवळपास तेवढाच फरक पडतो. नीट मापं घेऊन केलेल्या कामाला नावं ठेवून आपण चांगल्या चालणाऱ्या गाड्या भंगारात घालतो आहोत.

टर्नर_कुर्ला

पूर्ण असहमत. मी हेच बुश कातून देतो, म्हणून सांगतो.

बाहेरचं माप सारखं म्हणून बेअरिंग सारखं होत नाही. ६३०२चे गोळे मोठे असतात, ते जास्त भार पेलतं. ६००४ ही हलकी मालिका. शिवाय रुंदीत एक मिलिमीटर कमी. आणि आतल्या पाइपचा विचार केलाय का? हबच्या आत, दोन बेअरिंगच्या मधे एक पाइप असतो. एक्सलचा नट आवळला की तो दाब दोन्ही बेअरिंगच्या आतल्या कड्यांवरून या पाइपवर येतो. पाइप जराही आखूड पडला की आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि गोळे बाजूने घासायला लागतात. चाक हाताने फिरवलं तर फिरतं, पण जड. गिऱ्हाईक म्हणतं, नवीन आहे, बसेल हळूहळू. ते बसत नाही. बेअरिंग तापतं आणि फुटतं.

आणि ब्रेक प्लेट तुम्ही एका वाक्यात उरकलीत, खरी गोची तिथेच आहे. ड्रम ब्रेकमध्ये लायनर ज्या प्लेटवर असतात ती चाकाबरोबर फिरू नये म्हणून काही गाड्यांत एक पट्टी असते, टॉर्क आर्म. काही गाड्यांत पट्टी नसते, स्विंग आर्मवरच्या लगमध्ये (वेल्ड केलेल्या उंचवट्यात) प्लेटची खाच बसते. एका पद्धतीचं चाक दुसऱ्या पद्धतीच्या गाडीत घातलं की पट्टी घरी बनवावी लागते. अशी एक गाडी गाळ्यावर आली होती. बाहेरून काहीच खोट दिसत नव्हती. पट्टी सोडवली तर तिचं भोक ड्रिलने मोठं केलेलं, त्यात हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट, तो सुटू न देणारी स्प्लिट पिन नाही, आणि बोल्टचा मधला भाग घासून निम्मा झालेला. तो तुटला असता तर जोरात ब्रेक मारल्यावर अख्खी प्लेट फिरली असती, ब्रेकचा रॉड तिच्याबरोबर ओढला गेला असता आणि चाक जागच्या जागी जाम. मागे ट्रक असला तर पुढचं बोलायलाच नको.

पूर्वा_अंधेरी

मी विम्याच्या क्लेमचं काम करते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात जे तपशील दिलेत त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंड भरून माणूस मोकळा होतो. क्लेमचं तसं नाही. न कळवलेला बदल सर्व्हेमध्ये सापडला आणि अपघाताचं कारण त्या बदलाशी जोडलं गेलं, तर कंपनीला क्लेम नाकारायला आधार मिळतो. घरी कमावणारा एकच असेल तर हे किती महागात पडतं, ते मी समोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर बघते.

भांडुपचा_स्वार

@पूर्वा, कायदा मान्य आहे. पण त्याच मापाचं रिम, त्याच मापाचा टायर, तोच ब्रेक, फक्त चाक भावंड मॉडेलचं, याला 'बदल' म्हणायचं की 'दुरुस्ती'? ड्रम काढून डिस्क लावणाऱ्याची वकिली मी करत नाहीये. पल्सर १५०चंच घ्या. ड्रमवालीला मागे १३० मिलिमीटरचा ड्रम, २०१८मध्ये आलेल्या ट्विन डिस्कला मागे २३० मिलिमीटरची डिस्क. ते चाक हवं असेल तर कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट, मास्टर सिलिंडर, पॅडल, सगळंच बदलायला हवं. तिथे मी स्वतः नको म्हणेन.

@टर्नर_कुर्ला, पाइपचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण तो कुठलं चाक निवडायचं आणि काम कोणाकडून करून घ्यायचं याचा मुद्दा झाला. चाक बदलूच नये, हे त्यातून सिद्ध होत नाही. तुमच्यासारख्या माणसाने पाइप मापात कातून दिला तर?

टर्नर_कुर्ला

कातून देईन. पण टॉर्क आर्मची लग स्विंग आर्मवर वेल्ड करायला सांगाल तर नाही म्हणेन. ती कंपनीत जिगवर (पार्ट मापात धरून ठेवणाऱ्या साच्यावर) बसवून, ठरावीक करंट ठेवून केलेली असते. रस्त्यावरच्या वेल्डिंगने शेजारचा पत्रा जळून पातळ होतो आणि चीर तिथूनच सुरू होते. आणि गाडी माझ्या गाळ्यातून निघाल्यावर नट किती आवळला, चेन किती ताणली, हे माझ्या हातात राहत नाही.

आरएक्स_माहीम

जुन्या गाडीवाल्यांची बाजू कोणीतरी मांडायला हवी. आरएक्स १००चं उत्पादन १९९६मध्ये थांबलं. मागे २.७५-१८चा (२.७५ इंच रुंद, १८ इंची रिमचा) टायर, आऱ्यांचं चाक. बरेच जण १७ इंची अलॉय आणि १००/९०चा टायर घालतात. बाहेरून व्यास मोजला तर दोन्ही जवळपास सारखेच, म्हणून उंची आणि पिकअप फारसे बदलत नाहीत. पण रुंदी ७०वरून १०० मिलिमीटर होते, म्हणजे दोन्ही बाजूंना १५-१५ वाढले. रिकाम्या गाडीत टायर चेनपासून सुटा दिसतो. मागे माणूस बसवा, जेव्हीएलआरवरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या) एखाद्या पॅचवर शॉक दबू द्या, मग चेनगार्डचा आवाज ऐका. एवढं करूनही मी आऱ्यांच्याच बाजूचा आहे. वाकलेलं रिम बदलता येतं, तुटलेला आरा बदलता येतो, आऊट (चाकाची डगमग) काढता येतो. मूळ हब तसाच राहतो, मग बेअरिंग-बुशचा प्रश्नच येत नाही.

डिलिव्हरी_दादर

सगळ्यांचं वाचलं. पण माझी अडचण वेगळी आहे. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली. मागचं अलॉय वाकलंय, टायर रोज हवा सोडतो. कंपनीचं नवीन चाक घ्यायचं तर महिन्याचं बजेट कोसळतं. प्रेसवर सरळ करून देतो म्हणणारेही आहेत. सेकंडहँड चाक घेऊ की वाकलेलं सरळ करू? 'काहीच करू नका' हे उत्तर मला परवडत नाही.

पूर्वा_अंधेरी

दादा, निदान दोन गोष्टी करा. चाक तुमच्याच मॉडेलचं, तुमच्याच व्हेरिएंटचं शोधा, सेकंडहँड असलं तरी चालेल. आणि बिल घ्या, गाडी नंबर टाकून. उद्या चाक कुठून आलं असं कोणी विचारलं तर हातात कागद पाहिजे. गाडीला दोन्ही चाकांवर एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर मागच्या हबवरच्या सेन्सर रिंगचे दातही तेवढेच हवेत, नाहीतर मागच्या चाकाचा वेग सिस्टीमला चुकीचा समजतो.

भांडुपचा_स्वार

तेच मॉडेल मिळालं तर उत्तमच, त्यावर वाद नाही. पण आठवडाभर फिरून मिळालं नाही तर? तेव्हा त्याच कंपनीचं, त्याच एक्सलचं, त्याच ड्रमचं आणि ब्रेक प्लेट अडवायची पद्धत तीच असलेलं चाक घ्या, असं मी यांना सांगेन. वाकलेल्या रिमवर रोज हवा भरत माल वाहण्यापेक्षा ते नक्कीच सुरक्षित आहे.

टर्नर_कुर्ला

@डिलिव्हरी_दादर, प्रेसवर सरळ करू नका. अलॉय गार असताना दाबलं तर केसासारखी चीर पडते, रंगाखाली दिसत नाही. सेकंडहँड घ्याल तेव्हा चाक दुकानातच एक्सलवर टांगून फिरवून बघा. कडेजवळ बोट धरा, अंतर कमीजास्त झालं तर उचलू नका. ड्रमच्या आत नखाने बघा, कड लागली तर ड्रम खोल गेलाय. टायर घेताना बाजूवरचा भाराचा आकडाही वाचा. ५५ असेल तर तो २१८ किलोपर्यंतचा. तुमच्या जुन्या टायरपेक्षा आकडा कमी असलेला घेऊ नका, तुम्ही पाठीवर बॅग आणि मागे क्रेट घेऊन फिरता.

भांडुपकरांच्या शेवटच्या अटी चारही पाळल्या तर माझा विरोध बराच कमी होतो. पण अशी अट पाळून आलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे क्वचितच येतं. बहुतेक जण चाक आधी घेतात आणि 'आता बसवा' म्हणतात. म्हणून चाकाचे पैसे द्यायच्या आधी जुनं चाक, एक्सल आणि ब्रेक प्लेट काढून सोबत न्या, शेजारी ठेवा आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजून घ्या.