स्टॅनफील्ड यांना फक्त पराभवांवरून जोखू नये
प्रांतात चमकलेला नेता ओटावात, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय राजकारणात, फिका पडतो, याचं उदाहरण म्हणून कॅनडाचे राजकारणी रॉबर्ट स्टॅनफील्ड यांचं नाव काही जण देतात. मला हे पटत नाही. 1948 मध्ये त्यांनी नोव्हा स्कोशिया प्रांतात पुराणमतवादी पक्ष हाती घेतला तेव्हा विधानसभेत पक्षाचा एकही आमदार नव्हता. 1956 ला ते प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) झाले आणि 1967 पर्यंत राहिले.

केंद्रात पक्षाचे नेते म्हणून लिबरल पक्षाच्या पियेर ट्रुडोंपुढे ते तीनदा हरले, हे खरं. पण 1972 ला लिबरल पक्षाला 109 जागा, यांच्या पक्षाला 107. दोन जागांनी पंतप्रधानपद हुकलं! 1974 च्या प्रचारात नॉर्थ बेला विमानतळावर ते फुटबॉल (हातांनी झेलायचा, उत्तर अमेरिकी प्रकारचा) खेळले. बरेच झेल घेतले, पण पेपरात पहिल्या पानावर छापला गेला तो सुटलेल्या झेलाचा फोटो. वेतन-किंमत नियंत्रणाच्या त्यांच्या प्रस्तावाची ट्रुडोंनी खिल्ली उडवली आणि 1975 मध्ये स्वतःच नियंत्रण आणलं.

मला सगळ्यात मोठी वाटते ती लिओनार्ड जोन्स यांची गोष्ट. मॉन्क्टन शहराचे हे माजी महापौर इंग्रजी-फ्रेंच द्विभाषा धोरणाचे कट्टर विरोधक. हमखास निवडून येणारा उमेदवार, तरी स्टॅनफील्ड यांनी त्यांना पक्षाचं तिकीट नाकारलं. जोन्स अपक्ष लढून जिंकलेही. एकेका जागेसाठी झगडताना असं करायला फार हिंमत लागते.