घरी बनवलेली स्लेड टेबल सॉवर वापरावी का?

धागाकर्ता: टेबल सॉ म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली करवत. स्लेड म्हणजे तिच्या टेबलाच्या खाचेत सरकणारी, पुढे-मागे आडव्या पट्ट्या असलेली फळी. माझ्या मते छोटे तुकडे आडवे कापायला घरी बनवलेली स्लेड नुसत्या माइटर गेजपेक्षा (खाचेत सरकणाऱ्या कोनमापक टेकूपेक्षा) सुरक्षित. गेजला लाकूड फक्त एका कडेने टेकतं आणि टेबलावर घासत जातं, त्यामुळे तिरकं व्हायला वेळ लागत नाही. स्लेडमध्ये लाकूड आणि खालची फळी एकत्र सरकतात. पण एक गोष्ट विसरू नका. मागच्या आडव्या पट्टीतून पातं जिथे बाहेर पडतं, तिथे जाड ठोकळा चिकटवा. माझ्या पहिल्या स्लेडला तो नव्हता. तुकडा कापून झाला, मी सवयीने आणखी थोडं ढकललं, आणि पट्टीमागे पात्याचे दात दिसले. अंगठा पात्यापासून दोनच बोटं लांब होता.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. बहुतेक स्लेड वापरताना मशीनचं गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकण, काढावं लागतं. 10 इंची पातं मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर दातांचा वेग सेकंदाला जवळजवळ 53 मीटर होतो. हात मागे घेऊ म्हणाल तर तेवढी सवडच नसते. नवशिक्याने गार्डसकटच शिकावं.

धागाकर्ता: गार्ड निघतं हे खरं. म्हणून मी पुढच्या-मागच्या पट्ट्यांवर, पात्याच्या रेषेत, पारदर्शक अ‍ॅक्रिलिक बसवलंय. रायविंग नाइफ (पात्यामागची पातळ पट्टी, जी कापलेली फट मिटू देत नाही) मात्र काढत नाही, ती पात्याच्या टोकाखालीच राहते आणि स्लेडच्या खाचेतून आरामात जाते.

प्रतिसाद २: तुम्ही दोघेही खालच्या पट्टीबद्दल बोलतच नाही आहात. टेबलाच्या खाचेत सरकणारी लाकडी पट्टी दमट हवेत फुगते. स्लेड अडकते, माणूस जोर लावतो, ती एकदम सुटते आणि हात पुढे जातो. काम सुरू करण्याआधी मशीन बंद ठेवून, पातं खाली घेऊन एकदा सरकवून बघा. अडकली तर पट्टी रंध्याने किंचित उतरवा, मेण लावा. आणि पात्याच्या वाटेत स्क्रू नको.

प्रतिसाद १: अ‍ॅक्रिलिक ठीक, पण पातं ठोकळ्याबाहेर जाऊच नये म्हणून स्टॉपर, म्हणजे स्लेडला थांबवणारा अडसर, आहे का? आणि मापासाठी फेन्स (टेबलावरची पात्याला समांतर पट्टी) टेकवता का? कापलेला तुकडा फेन्स आणि पात्यात अडकला की अंगावर फेकला जातो.

धागाकर्ता: फेन्स टेकवत नाही. मापाचा ठोकळा स्लेडच्याच पट्टीला क्लॅम्प करतो, दुसरी बाजू मोकळी. स्टॉपर नाही, हे तुमचं बरोबर. तो लावेपर्यंत स्लेड न वापरता भिंतीला टेकवून ठेवतो.