कोल्हापुरात राहून लेखनावर पोट भरायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

उद्यमनगर_लेजर
नमस्कार मंडळी. बी.कॉम. झालंय, उद्यमनगरात एका फाउंड्रीचे हिशेब बघतो. आठ-दहा कथा तयार आहेत, कादंबरी अर्ध्यावर अडकलीय. एक प्रकाशक म्हणतो, ६०,००० भरा, ३०० प्रती छापतो, त्यातल्या ५० तुमच्या. भरावेत का? मालिकांचं लेखनही करावंसं वाटतं, पण त्यासाठी मुंबई गाठायलाच लागते काय? घरचे म्हणतात आधी एम.ए. मराठी कर. जाणकारांनी सांगावं.

प्रूफवाला
भावा, तू हिशेबनीस आहेस, मग हाही हिशेब मांड की. ६०,००० भागिले ३००, म्हणजे प्रतीमागे २०० रुपये तूच दिलेस. हातात येणार ५०, म्हणजे तुझी एक प्रत तुला १,२०० ला पडली. उरलेल्या २५० कुठं गेल्या हे विचारायची सोय करारात आहे का, ते बघ. नसेल तर हे प्रकाशन नव्हे, महागडी छपाई आहे.

स्वतःच छापायचं असेल तर प्रेसकडून थेट दर घे. 'पुस्तक छापायला किती?' असं विचारू नको, तपशील लिहून दे: डेमी (नेहमीच्या कादंबरीचा) आकार, १६० पानं, ७० जीएसएम वजनाचा कागद, आत एकरंगी, कव्हर चाररंगी आणि लॅमिनेशन, चिकट बांधणी, ३०० प्रती. तीन ठिकाणी हाच तपशील दिलास तरच दरांची तुलना होते. डेमीच्या पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे ४०,००० शब्दांचं पुस्तक दीडशे पानांच्या आसपास जातं. पानं एकत्र छापून घडी घालतात तो फॉर्म १६ पानांचा असतो, म्हणून १६० धर. १६३ झाली की शेवटच्या तीन पानांसाठी आणखी एका फॉर्मचा खर्च. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावानंही. त्याचे पैसे कुणी मागितले तर समजून जा.

पण हे सगळं नंतर. कथा आहेत तर आधी दिवाळी अंक. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून ही परंपरा चालू आहे आणि नवा कथाकार संपादकांच्या नजरेत येतो तो अजूनही इथूनच. घोळ होतो तो वेळेचा. लोक गणपतीत कथा पाठवतात, तोवर अंकाची पानं लागलेली असतात. मे-जूनमध्ये पाठव. शब्द अडीच ते चार हजार. साडेसात हजारांची कथा चांगली असली तरी नवख्या नावासाठी तेवढी पानं कोण मोकळी ठेवणार? एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे, 'अन्यत्र पाठवलेली नाही' ही ओळ पत्रात. दीड महिन्यानं एकदा विचारणा, मग ती कथा दुसरीकडे. आणि अंक आधी वाच. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे, तिथं बसून निदान दहा अंकांच्या अनुक्रमणिका चाळ. विनोदी अंकाला शोकांतिका पाठवणारे दरवर्षी असतात.

पाच-सहा कथा छापून आल्या की संग्रहाचं बोलता येतं. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळ जाहिरात देऊन हस्तलिखितं मागवतं. त्या वर्षीच्या अटी बारकाईनं वाच, अपुऱ्या कागदांपायी चांगली हस्तलिखितं बाद होतात.

आणि पुस्तकावर घर चालेल हे डोक्यातून काढ. २५० रुपयांचं पुस्तक, १० टक्के मानधन, म्हणजे प्रतीमागे २५. हजार प्रती खपल्या तर २५,००० आणि त्या खपायला दोन-तीन वर्षंही लागू शकतात. नोकरी सोडू नको.

मोरेवाडी_कॉलटाइम
मालिकांचं सांगतो. चित्रीकरणाची चित्रनगरी इथं मोरेवाडीत आहे म्हणून लेखनाचं काम तिथं मिळेल असं पुष्कळांना वाटतं. सेटवर लेखक क्वचितच दिसतो. निर्णय मुंबईत, निर्मितीसंस्था आणि वाहिनीच्या कार्यालयात होतात. लेखनाचे टप्पेही वेगळे: कथाविस्तार, मग वन-लाइन (प्रसंगांची एकेका ओळीत यादी), मग पटकथा, मग संवाद, बऱ्याचदा प्रत्येक टप्प्याला माणूस वेगळा. बाहेरच्याला आत शिरायला सोपं दार संवादांचं. ते मेलवर चालतं, त्यामुळं एकदा हात बसला की कोल्हापुरात राहूनही जमतं. सुरुवातीच्या भेटीगाठींना मात्र मुंबईच्या फेऱ्या आहेतच.

नमुना म्हणून कादंबरी पाठवू नका. दोन प्रसंग, प्रत्येकी तीन पानं. एकात दोन पात्रं, दुसऱ्यात एका खोलीत पाच माणसं, कारण पाच जणांचं बोलणं वेगवेगळं ठेवणं हीच खरी परीक्षा. कोल्हापूरचं पात्र लिहायचं तर नुसतं 'लई भारी' पेरून भागत नाही. इथली पोरगी दारातनं आत येत 'आई, मी आलो' म्हणते, 'काय करालीस?' विचारते. हे ज्याला ऐकू येतं त्याचा नमुना लगेच उठून दिसतो.

पैसे एपिसोडमागे ठरतात आणि प्रक्षेपणानंतर साधारण ९० दिवसांनी येतात. पहिले चार-पाच महिने घरखर्चाची सोय हवी. रक्कम आणि श्रेयनामावलीतलं नाव, दोन्ही मेलवर लेखी घ्या. फोनवर ठरलेलं फोनवरच राहतं.

करवीर_विंगेतून
आमच्याकडं कुणाचं लक्षच जात नाही! राज्य हौशी नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचं केंद्र कोल्हापुरात असतं आणि पावसाळ्यात संघ नवी संहिता शोधत फिरत असतात. दोन अंक, पाच-सहा पात्रं, एकच नेपथ्य. बारा पात्रांचं नाटक हौशी संघ उचलत नाही, कारण बारा जणांना एकाच वेळी तालमीला आणणं म्हणजे दिव्य. प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा संहितेची स्वच्छ टाइप केलेली प्रत आणि लेखकाचं परवानगीपत्र तयार ठेवा. पैसा फार नाही, पण आपलं वाक्य कुठं पडतं ते प्रेक्षकांत बसून कळतं.

आकाशवाणी कोल्हापूरलाही विचारा. दहा मिनिटांचं भाषण म्हणजे हजार-अकराशे शब्द. वाक्यं लहान, कंसातला मजकूर शून्य.

एम.ए.बद्दल: वाचनाला शिस्त लागेल, प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षांकडं जायची वाट खुली होईल. कथा लिहायला त्याची गरज नाही.

कलम_एकोणीस
वर कुणी करार नीट उलगडला नाही म्हणून. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क प्रकाशकानं वर्षभरात वापरला नाही तर तो लेखकाकडं परत येतो, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. म्हणूनच 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर' ही ओळ करारात येते. ती खोडायला सांगा. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट-मालिका हे पाच हक्क वेगवेगळे लिहून घ्या आणि पहिला तेवढा द्या.

सिनेमासाठी: कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो. दोन ओळींची कथाकल्पना ऐकवत फिरू नका. दहा-बारा पानांचा विस्तार लिहा, स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन ऑनलाइन नोंदवा, मग दाखवा.

दर महिन्याला पैसे हवेत तर अनुवाद. दर मूळ इंग्रजी शब्दांवर ठरवा. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, त्यामुळं शब्दसंख्या घटते. मराठी शब्द मोजून पैसे घेतलेत तर तेवढ्याच कामाचे कमी मिळतात.

उद्यमनगर_लेजर
सगळ्यांचे आभार. ६०,००० वाचले. आता एकच: कथा मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केल्यात. एका अंकानं श्री-लिपीत (छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये) मागितल्यात. काय करू?

प्रूफवाला
कन्व्हर्टरनं बदल, पण डोळे झाकून पाठवू नको. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला 'ऱ्या' पहिला बिघडतो, त्याचा 'र्या' होतो. मग ॲ, 'ट्र'चा रकार आणि अवतरणचिन्हं. हे चार शोधून हातानं दुरुस्त कर. सोबत पीडीएफ जोड, म्हणजे मूळ काय होतं ते अक्षरजुळणी करणाऱ्याला दिसेल. आणि फाइलचं नाव नुसतं 'कथा फायनल' ठेवू नको, त्यांच्याकडं तशा पन्नास असतील. आडनाव आणि कथेचं शीर्षक घाल.