तळघरात फोनची बॅटरी लवकर उतरते : दोष बॅटरीचा की नेटवर्कचा?

प्रश्न :
माझा फोन घरी सकाळी पूर्ण चार्ज केला की रात्रीपर्यंत व्यवस्थित पुरतो. कामावर मात्र माझी जागा तळघरात असून तेथे सिग्नलची एखादी कांडी दिसते न दिसते. फोन नुसता खिशात असला, तरी दुपारपर्यंत बॅटरी निम्म्यावर येते आणि फोन कोमट लागतो. बॅटरी बदलण्याचा सल्ला मला मिळाला आहे, पण खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कशाचा हे कसे ओळखावे? फोनमध्ये दोन सिम आहेत.

पहिला प्रतिसाद :
बॅटरीची क्षमता घटली असती, तर ती घरीही पुरली नसती, म्हणून माझा संशय नेटवर्कवर आहे. किती शक्तीने प्रसारण करायचे हे टॉवरच फोनला सांगत असतो. टॉवर जवळ असेल तर अगदी थोडी शक्ती पुरते. मध्ये काँक्रीटच्या भिंती आल्या की फोनला जोर वाढवावा लागतो आणि ४जीमध्ये तो सहसा २०० मिलिवॉटपर्यंत जातो. ही झाली अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती. बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट अधिक ऊर्जा खेचली जाते, कारण प्रवर्धकात, म्हणजे सिग्नलची शक्ती वाढवणाऱ्या भागात, बरीचशी उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तुम्हाला जाणवणारा कोमटपणा बहुधा तोच असावा. शिवाय सिग्नल क्षीण असताना डेटाचा वेग घटतो, हरवलेला मजकूर पुन्हा पाठवावा लागतो, आणि एरवी क्षणात होणाऱ्या कामासाठी रेडिओ बराच वेळ जागा राहतो.

दुसरा प्रतिसाद :
वरील विवेचन पटते, परंतु दुसऱ्या सिमकडे दुर्लक्ष करू नये. एका सिमला टॉवर मिळत नसेल, तर दुसऱ्याचे नेटवर्क कितीही चांगले असले तरी फोन पहिल्यासाठी निरनिराळे बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) पुन्हा पुन्हा धुंडाळत राहतो. अँड्रॉइडमध्ये ‘फोनविषयी माहिती’ या भागातील सिमच्या स्थितीत सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. दोन्ही सिमचे आकडे कृपया येथे द्यावेत.

प्रश्नकर्ता :
पहिल्या सिमचा आकडा माझ्या जागेवर -११८ आणि जिन्यापाशी -८९ आहे. दुसऱ्या सिमवर तळघरात सर्वत्र ‘सेवा उपलब्ध नाही’ असे दिसते. हा फरक मोठा मानावा का?

पहिला प्रतिसाद देणारे :
फारच मोठा. या मापनात दर १० एककांना ताकद दहापट बदलते, त्यामुळे जिन्यापाशी मिळणारा सिग्नल तुमच्या जागेवरील सिग्नलच्या सुमारे ८०० पट आहे. कांड्यांवरून हे कळत नाही, कारण किती ताकदीला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते.

दुसरा प्रतिसाद देणारे :
तर मग तळघरात असेपर्यंत दुसरे सिम सेटिंगमधून बंद ठेवून पाहावे. वायफाय असेल आणि तुमची सेवा वायफाय कॉलिंगची सोय देत असेल, तर ती सुरू करून विमान मोड लावावा व त्यानंतर वायफाय पुन्हा चालू करावे. फोन येत राहतील आणि टॉवरचा शोध थांबेल. बॅटरी सेव्हरवर मात्र फारशी भिस्त ठेवू नये, कारण तो मुख्यतः अ‍ॅपना आवरतो, टॉवरच्या शोधाला नाही. एवढे करूनही बॅटरी तशीच उतरत राहिली, तरच ती बदलण्याचा विचार करावा.