पत्ते पिसायच्या मशीनमधून फसवणूक होऊ शकते का? धाकट्या भावासाठी विचारतेय

नमस्कार मंडळी,

पत्त्यांचं मला वावडं नाही, हे आधीच सांगते. गिरगावात गणपतीच्या जागरणाला आमच्याकडे पहाटेपर्यंत तीन पत्ती रंगायची आणि कॅट पिसायचा मान आजीचा असायचा. तेव्हा ‘पत्ते वाईट’ छाप सल्ले कृपया नकोत. प्रश्न मशीनचा आहे.

माझा धाकटा भाऊ गेले दोन महिने दर शनिवारी अंधेरीच्या एका फ्लॅटवर पोकर खेळायला जातो. ओळखीच्या ओळखीतून. आतापर्यंत १ लाख ८० हजार गेलेत. हा मला सांगितलेला आकडा, खरा जास्तच असणार. तिथे टेबलातच बसवलेलं पिसायचं मशीन आहे. परदेशातल्या कॅसिनोत वापरलेलं, असं यजमान सांगतो. भावाचं म्हणणं, “ताई, माणूस पिसताना पत्ते लावू शकतो. मशीनला काय कळतंय?”

मागच्या शनिवारी हट्टाने सोबत गेले. एक लाल कॅट, एक निळा. एकाने खेळायचं तोवर दुसरा मशीनच्या पोटात. अर्ध्या मिनिटाच्या आत झाकण उघडतं आणि गठ्ठा वर येतो. वाटणारा मुलगा तो उचलून काट न देताच वाटायला घेतो. हे मला पहिल्यांदा खटकलं. आमच्या आजीने काट न दिलेला डाव कधी वाटू दिला नाही.

मग तो एक डाव. मी भावाच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. शेजारी यजमानाचा मित्र, फोन मांडीवर. त्याची पानं मला ओझरती दिसली: दोन राजे. मधली पानं उघडायच्या आधीच त्याने ती फेकून दिली. दोन राजे! भाऊ राण्यांच्या जोडीवर शेवटपर्यंत चाल देत राहिला आणि समोरच्याने एक्क्यांची जोडी टाकली. मित्र तोवर पाणी पीत होता.

नंतर चिप पडली म्हणून वाकले, तर मशीनच्या खाली लायटरएवढं काहीतरी खुपसलेलं दिसलं. ते कसलं आहे, देव जाणे. मी काही बोलले नाही. पुरावा शून्य आहे आणि भावाची तिथे मैत्री झालीय.

जाणकारांनी सांगावं: मशीनमधून असं खरंच करता येतं का? आणि आरोप न करता तपासायचं कसं?

पिसाट_पत्ते: ताई, करता येतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत आयओअॅक्टिव्ह या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘डेकमेट २’ या पिसायच्या मशीनवर ते करून दाखवलं होतं. बावन्न पानं पूर्ण आहेत ना, हे बघायला त्याच्या आत कॅमेरा असतो. म्हणजे पानांचा क्रम मशीनला दिसतच असतो. त्यांनी बाहेरच्या यूएसबी पोर्टात छोटंसं उपकरण लावून मशीनचा प्रोग्राम बदलला आणि तो क्रम ब्लूटूथने फोनवर घेतला. पत्ते ‘लावायची’ गरजच नाही, कोणाकडे काय येणार एवढं कळलं की झालं.

त्यांना हे सुचलं तेही एका वादातून. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या हसलर कॅसिनोत एका बाईने गुलाम-चव्वी अशा कमजोर पानांवर २ लाख ६९ हजार डॉलरचा डाव जिंकला आणि बोंबाबोंब झाली. चौकशीत फसवणुकीचा पुरावा निघाला नाही. पण त्या अहवालात मशीन सुरक्षित असल्याचं म्हटलं होतं, ते या मंडळींना पटेना.

तुमच्या वर्णनाशी जुळणारी गोष्ट पुढची आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत ३१ जणांवर खटला भरला गेला. आरोप असा, की खाजगी पोकरच्या बैठकांत फेरफार केलेली मशीन ठेवली, बाहेर बसलेल्याला निकाल आधीच कळायचा, तो टेबलावरच्या आपल्या माणसाला फोनवर कळवायचा आणि तो खुणा करायचा. ७० लाख डॉलरहून जास्त लुटले म्हणे. लक्षात घ्या, खाजगी बैठकांत. पोकरमध्ये कॅसिनो प्रत्येक डावातून आपला वाटा घेतो, कोण जिंकलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. घरच्या टेबलाचं तसं नाही.

मुलुंडचा_मास्तर: पिसणं कच्चं असलं तरी घोळ होतोच. मशीन बनवणाऱ्या कंपनीनेच पर्सी डायकोनिस या गणितज्ञाला बोलावलं होतं (तरुणपणी जादूगार होता हा गृहस्थ!). नीट पिसलेल्या कॅटमधलं एकेक पान उघडत पुढचं ओळखत गेलं, तर सरासरी साडेचार बरोबर येतात. त्या मशीनच्या कॅटमध्ये साडेनऊ येत होती. तुमच्याकडचा प्रकार मात्र वेगळा दिसतोय.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. मग नुसती काट मागितली तर पुरेल का?

पिसाट_पत्ते: नाही. क्रम माहीत असेल तर स्वतःच्या दोन पानांवरून काट कुठे पडली ते कळतं. मशीनमधून आलेला कॅट पुन्हा हाताने चार-पाच वेळा पिसायला सांगा. आणि फोन सगळ्यांचेच दुसऱ्या खोलीत.

चाळकरी: पोलिसांत जायच्या आधी विचार करा. पहिला प्रश्न भावालाच येईल, पैसे लावून खेळत होतास का?

धागाकर्ती: अपडेट. भावाला हा धागा वाचायला दिला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. काल त्याने त्यांच्या ग्रुपवर सहज म्हणून लिहिलं, “या शनिवारी हाताने पिसूया का? मजा येईल.” पाऊण तासाने यजमानाचं उत्तर आलं, या शनिवारी बैठक नाही, मशीन दुरुस्तीला दिलंय.