बरं न होणाऱ्या पोराचे उपचार कुठं थांबवायचे, आणि ठरवायचं कुणी?

खानापूरकर: आमच्या पावण्यांतला नऊ वर्षांचा पोरगा. रक्ताचा कॅन्सर, दुसऱ्यांदा उलटलाय. डॉक्टर म्हणाले, आता केमोचा उपयोग नाही, दुखणं आटोक्यात ठेवू, घरी न्या. घरात दोन तट पडलेत. आजोबा म्हणतात, शेत विका पण बेंगळूरला न्या. आई म्हणते, बास झालं. मी आईच्या बाजूचा. त्याच्या हाताला शीर सापडेना म्हणून शेवटी पायाला सुई लावली, तेव्हा दोघांनी धरून ठेवलं होतं. आशा आपली, आणि सुया त्याला?

निपाणीवाला: "घरी न्या" हे गरिबाच्याच पोराला का ऐकावं लागतं? आमदाराच्या नातवाला कोण म्हणेल असं? किदवई कॅन्सर हॉस्पिटल बेंगळूरला, म्हणजे आपल्या बेळगावातनं पाचशे किलोमीटर. बापाचा रोज बुडतो, आईला कन्नड येत नाही, डॉक्टर काय बोलले ते वॉर्डबॉयकडनं समजून घ्यायचं. असा माणूस थकून "बास" म्हणाला की तो निर्णय कसा? पैसे संपले, एवढंच. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना मोफत उपचाराची फुले योजना दिली, कर्नाटकाची योजना वेगळी आहे. पण सगळा भर ॲडमिट झाल्यावरच्या उपचारावर. घरी पडलेल्या पोराकडं कोण बघणार? शेजारी?

सिस्टर चिकोडी: तुम्ही दोघंही एकच धरून चाललाय, की एक तर उपचार, नाहीतर नुसतं दुखणं आटोक्यात ठेवणं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वेदनाशमनाची काळजी निदान झालं त्या दिवसापासून सुरू करायची, केमोच्या जोडीनं. आपल्याकडं ती शेवटच्या आठवड्यात आठवते, म्हणून लोकांना ती हात वर केल्यासारखी वाटते. आजोबांना बेंगळूरला न्यायचंय तर नेऊ देत, पण वाटेत पोरगं कळवळू नये याची सोय आधी करा.

हुक्केरीकर: सोय म्हणजे मॉर्फिनच ना, ते अफूपासूनचं कडक वेदनाशामक? झोपवून टाकायचं आणि वाट बघायची. याला दयामरण नाही तर काय म्हणायचं, सांगा की.

सिस्टर चिकोडी: नाही हो. मुलांच्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्ये दोनच पायऱ्या सांगितल्या: आधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, त्यानं भागलं नाही तर मॉर्फिन. मधल्या पायरीचं कोडीन, म्हणजे मॉर्फिनपेक्षा सौम्य औषध, मुलांसाठी काढून टाकलं, कारण कुणाच्या अंगात त्याचं किती मॉर्फिन होईल याचा नेम नाही. मॉर्फिनचा डोस वजनावर ठरतो, तोंडानं साधारण चार चार तासांनी, सोबत पोट साफ होण्याचं औषध. सुरुवातीला गुंगी येते, मग बहुतेकांची उतरते. बोलता न येणाऱ्या लेकराचं दुखणं चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटते का, यावर मोजतात, शून्य ते दहा. नुसतं "झोपवणं" असतं तर एवढं मोजलं असतं का? अडचण वेगळीच आहे. अमली पदार्थांचा कायदा २०१४ मध्ये सोपा झाला, तरी मॉर्फिनची गोळी ठेवणारे दवाखाने कमी आणि लिहायला घाबरणारे डॉक्टर जास्त.

टिळकवाडी वकील: दयामरणाचा घोळ इथं नको. सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आणि कर्नाटक सरकारचा जानेवारी २०२५ चा आदेश हे यंत्रावर चाललेला जीव आणि ते यंत्र काढणं याबद्दल आहेत. त्यालाही डॉक्टरांची दोन मंडळं लागतात. दुखणं कमी करायला कुणाची परवानगी लागत नाही. बाकी, अठराच्या आत सही आई-बापाची. आजोबांची नव्हे.

हुक्केरीकर: सहीचं बोलताय, पोराला कुणी विचारलंय का?

खानापूरकर: त्याला काही सांगितलेलंच नाही. "ताप आहे" म्हणतात.

सिस्टर चिकोडी: त्याला कळत असतंय हो. स्वीडनमध्ये कॅन्सरनं मूल गेलेल्या ४२९ पालकांना विचारलं होतं. मुलाशी मरणाबद्दल बोललेल्यांपैकी एकालाही पस्तावा नव्हता. न बोललेल्यांत शंभरातल्या सत्तावीस जणांना होता.

निपाणीवाला: स्वीडनचं इथं लावू नका. आमच्यात खोलीत बारा माणसं, आणि पोराला सांगायच्या आधी आजी गळा काढणार. शिवाय न बोललेल्या शंभरातल्या त्र्याहत्तर जणांना पस्तावा नव्हता, ते पण सांगा ना.

सिस्टर चिकोडी: मान्य. म्हणून जबरदस्तीनं सांगू नका, त्यानं विचारलं तर खोटं बोलू नका, एवढंच म्हणते.

निपाणीवाला: हे चालेल. पण घरी न्यायच्या आधी रात्री दोनला दुखलं तर किती डोस आणि कुणाला फोन, हे मराठीत कागदावर लिहून घ्या. ते देत नसतील तर मी आजोबांच्याच बाजूचा.